पहिला तुकडा

त्या सकाळी दुकानाच्या मांडणीवर बेचाळीस मोठे पाव होते, साठ गोल बन, दोन ट्रे टोस्ट, बिस्किटांची गळ्यापर्यंत भरलेली एक बरणी आणि एका बाजूनं बसलेला एक केक. बेचाळीसमधल्या एका पावाची कड कापलेली होती, म्हणजे विकायला एक्केचाळीस. साठ बनांपैकी तीन एकमेकांना चिकटून भाजले गेले होते. ते सुटे करायला गेलं की कड फाटते, म्हणून तिन्ही एकत्रच द्यायचे असं ठरलं होतं. टोस्ट आदल्या दिवशीच्या पावांचे होते, त्यात मीठ होतं. बिस्किटांतही होतं. मोठे पाव आणि बन एकाच पिठाचे, आणि त्या पिठात मिठाचा कणही नव्हता. हे दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका पावाची कड कापली होती ती चवीसाठी. त्या भट्टीची ती रीतच होती. पहिली खेप जरा निवली की एका पावाची कड कापायची, घरातल्या एकानं ती खायची आणि ‘ठीक आहे’ म्हणायचं, मगच शटर वर. पूर्वी हे काम सासऱ्यांचं होतं. मग त्यांना मोठा ताप आला आणि त्या तापात नाक आणि जीभ दोन्ही गेली. मिरची तेवढी कळायची, तीही जळजळ म्हणून. बाकी सगळं ओल्या कापसासारखं. पाव भाजणाऱ्याला पावाची चव कळत नाही, हे बाहेर फुटलं तर गिऱ्हाइकं काय करतील हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता. म्हणून गोष्ट घरातच दाबली आणि पहिला तुकडा मुलाकडे आला. पुढे मुलगा नोकरीसाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला, तिथे दुसरीच्या घरी राहायला लागला आणि पहिला तुकडा सुनेकडे आला.

सुनेला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, कारण तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. दादा गेला, वहिनी तशीच राहिली. ती रडेल म्हणून लोकांनी बरीच वाट पाहिली. ती रडली नाही. पाव मोजून द्यायची, सुटे परत करायची, फळी पुसायची. माहेरी भाऊ-भावजय होते. ‘ये की चार दिवस’ म्हणायचे. चारच.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांचा एक भाचा भट्टीचं काम शिकून रिकामा बसला होता. “त्याला बोलावून घ्या,” त्या नवऱ्याला सांगायच्या. “आपल्या रक्ताचा आहे. ज्या सुनेला आपला मुलगाच बांधून ठेवू शकला नाही, तिला आपण किती दिवस धरून बसणार?” त्यांना स्वतःला डॉक्टरांनी मैदा बंद केला होता, नाहीतर पहिला तुकडा त्यांनीच ओढून घेतला असता. सासरे एकच उत्तर द्यायचे. “पहिला तुकडा ती खाते. घरात तेवढी एकच जीभ आहे.” म्हणजे वहिनीची त्या घरातली जागा, नीट पाहिलं तर, पावाच्या एका कडेएवढी होती.

त्या सकाळी तिनं कड खाल्ली. खाताना मागच्या दारातून दिसणाऱ्या घराच्या खिडकीत कुणीतरी गादी झटकत होतं, ते बघत होती. “ठीक आहे,” ती म्हणाली. सासऱ्यांनी शटर वर केलं.

पहिले आले चष्मेवाले काका. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तो लावल्याशिवाय ते पावाला हात लावायचे नाहीत, आणि लावल्यावर तीन पाव दाबून बघितल्याशिवाय एक घ्यायचे नाहीत.

“कालचा नाही ना?”

“काका, गरम आहे अजून. हात लावून बघा.”

“गरम काय, कालचाही गरम करता येतो.”

“येतो. पण मग तो असा दबत नाही.”

“तेच बघतोय,” काका म्हणाले आणि चौथा दाबला. रोजचंच होतं हे. एवढ्या वर्षांत काकांना कालचा पाव एकदाही सापडला नव्हता, आणि सापडत नाही म्हणून ते जरा नाराजच असायचे.

मग बाहेर ब्रेक करकरला. गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांची ती गाडी. ते गाडी लावण्याचा धडा नेमका बेकरीसमोर द्यायचे. पायरीचा एक कोपरा त्या धड्यात कामी आला होता. मास्तर स्वतः कधी उतरत नसत, शिकणाऱ्याला पाठवत. आज पन्नाशीचे एक गृहस्थ आत आले, किल्ली मुठीत घट्ट धरलेली.

“मास्तरांना दोन पाव. आणि मला जरा पाणी मिळेल?”

“पायरीला लागली नाही ना?”

“नाही. पण ती जवळ येत होती,” गृहस्थ म्हणाले. पायरी जवळ येत होती, असं. वहिनीनं पाणी दिलं. पूर्वी अशा वाक्यावर ती आत जाऊन नवऱ्याला सांगायची आणि दोघं हसायची. हे तिला आठवलं, पण एखाद्या दुसऱ्या घरातली गोष्ट आठवावी तसं.

त्यानंतर वरची आणि खालची. या दोघी सख्ख्या बहिणी, दोघी सत्तरीच्या, एकाच घरात. एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या. कशावरून फिसकटलं होतं ते गल्लीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणे जिन्याच्या दिव्यावरून, कुणी म्हणे आईच्या बांगड्यांवरून. एकमेकींशी बोलत नव्हत्या; पण पाव मात्र लहानपणापासून एकच आणत आलेल्या, तो काही त्यांना सोडवेना. म्हणून आधी वरची येऊन अर्धा न्यायची आणि मागाहून खालची येऊन उरलेला अर्धा. दोघी एकच प्रश्न विचारायच्या.

“तिनं मोठा अर्धा नेला ना?” खालचीनं विचारलं.

“आजी, अर्धे दोन्ही सारखेच असतात.”

“असतात गं. पण तिचा मोठा असतो.”

रात्रपाळीची नर्स आली, दोन बन घेतले, पायरीवर बसून एक खाल्ला, दुसरा पिशवीत टाकला आणि बसल्या बसल्या डोळे मिटून घेतले. पथ्यवाले आजोबा आले. त्यांना रक्तदाब होता आणि त्याहून जास्त सून होती. रोज अर्धाच पाव खायची परवानगी होती. सकाळ अशी सरली. मांडणीवर अठरा पाव उरले.

तेवढ्यात काका परत आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव, त्याला एका बाजूनं दोन घास कमी.

“वहिनी, हा काय पाव आहे?”

“कालचा नाही काका.”

“कालचा असता तर बरं झालं असतं. याला चव कुठाय? अळणी आहे. पार अळणी.”

वहिनीनं मांडणीवरचा दुसरा पाव घेतला, कापला आणि काकांच्या देखत तोंडात टाकला. मऊ होता. थोडा ओलसर. दातांना जरा चिकट, आणि गिळताना घशाशी किंचित अडकत होता. तिनं नीट चावला. काय कमी आहे ते शोधत राहिली.

“मला तर ठीक लागतोय,” ती म्हणाली.

काकांनी चष्मा लावला. पावाकडे नाही, तिच्याकडे बघितलं. “ठीक?”

आणि त्याच वेळी दारात एक न भूतो असं दृश्य उभं राहिलं. वरची आणि खालची, दोघी एकत्र. दोघींच्या हातात आपापला अर्धा.

“मी हिला विचारलं,” वरची म्हणाली, जणू कुणी जाब मागितला होता. “विचारावंच लागलं. म्हटलं, माझ्याच अर्ध्यात मीठ नाही की तुझ्यातही?”

“मी म्हटलं माझ्यातही नाही,” खालची म्हणाली.

“आधी म्हणाली, मी काय सांगू.”

“आधी म्हणाले, मग सांगितलं ना!”

दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या, पण एकाच पायरीवर. काका त्यांच्याकडे बघत बसले आणि पावाचं विसरले. वहिनीच्या तोंडात अजून तो घास होता. तिनं तो गिळला. तीन माणसांना जे पहिल्या घासाला कळलं होतं, ते तिला दुसऱ्या पावालाही कळलं नव्हतं. पाय थंड पडतील, छाती धडधडेल असं तिला वाटलं. तसं काही झालं नाही. तिनं कापलेला पाव उचलला आणि आत भट्टीकडे गेली.

सासऱ्यांनी पाव हातात घेतला. खाऊन बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी मोडला, आतली जाळी बघितली, वरचं कवच नखानं खरवडलं. “फिकट आहे,” ते म्हणाले. “मी म्हणतच होतो, आज पीठ पळतंय, नको तितकं भराभर फुगतंय. म्हटलं उकाडा असेल.” मग ते मागच्या भिंतीशी गेले. मीठ शेवटी घालायचं ही त्यांची पद्धत. पीठ एकदा मळून होऊ द्यायचं, आणि मग. पहाटे नेमकं त्या वेळी मळायचं यंत्र बंद पडलं होतं. फ्यूज बघायला गेले तेव्हा मिठाची ताटली हातातच होती. ती आताही फ्यूजच्या पेटीवर होती, जशीच्या तशी, भरलेली.

सासूबाई हातातली भांडी टाकून आल्या. ताटली बघितली, पाव बघितला, सुनेकडे बघितलं.

“खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात,” त्या म्हणाल्या. “इथं मीठच नाही, तर जागणार कशाला!”

“चूक माझी आहे,” सासरे म्हणाले. “मीठ मी विसरलो.”

“तुम्ही विसरलात, माणूस विसरतं. म्हणून तर पहिला तुकडा असतो ना? हिनं खाल्ला होता की नाही?”

“खाल्ला होता,” वहिनी म्हणाली.

“मग?”

“लक्ष नव्हतं.”

“आणि आत्ता काकांसमोर खाल्लास तेव्हा? ऐकलं मी आतून. ‘मला तर ठीक लागतोय!’”

वहिनी खरंच आठवून बघत होती. कालचा तुकडा कसा लागला होता? परवाचा? ‘ठीक आहे’ म्हटलेलं आठवत होतं. चव आठवत नव्हती, एकाही दिवसाची. दादा गेल्यापासून आपण काय काय खाल्लं, आणि ते गोड होतं की खारट?

“संध्याकाळी भाच्याला फोन करते,” सासूबाई म्हणाल्या. “तो येऊन जीभही लावेल आणि हातही. हिला मग भावाकडे जाऊ दे चार दिवस.”

“थांब,” सासरे म्हणाले. “लक्ष नसणं वेगळं आणि जीभ नसणं वेगळं. लक्ष माघारी येतं. जीभ गेलेली मला माहीत आहे. आधी बघू काय गेलंय ते.”

दुपारपर्यंत पाव परत येत राहिले. येणाऱ्याला सासरे स्वतः सांगत होते की मीठ राहिलं, संध्याकाळच्या खेपेतला घेऊन जा. गाडीवाल्या मास्तरांनी शिकणाऱ्या गृहस्थांबरोबर निरोप पाठवला होता, “मास्तर म्हणतात, गाडी शिकायला येणाऱ्यांनाही आम्ही इतक्या चुका करू देत नाही.” नर्स झोपून उठून आणखी पाव न्यायला आली तेव्हा तिला सगळं कळलं.

“अळणी होता?” ती म्हणाली. “मला पत्ताच नाही. रात्रपाळीनंतर मला पुठ्ठा दिलात तरी बटर लावून खाईन.” मग वहिनीकडे बघून जरा हळू म्हणाली, “तुम्हाला पण नाही कळलं? जेवण जातं का नीट?”

“जातं.”

“झोप?”

“ती पण येते.”

नर्सनं मान हलवली.

एकटे पथ्यवाले आजोबा वेगळंच बोलले. काठी टेकत आले, दम खाल्ला आणि म्हणाले, “आज पाव काय झकास झालाय! कित्येक वर्षांनी सुनेनं मला अख्खा खाऊ दिला. उरलेत का अजून?” उरलेले सगळेच त्यांच्या पिशवीत गेले.

संध्याकाळची खेप भट्टीत गेल्यावर सासऱ्यांनी मागच्या खोलीतलं टेबल पुसलं. एक काचेचं भांडं घेतलं आणि मापून एक लिटर पाणी ओतलं. यीस्ट तोलायचा लहान काटा आणला. एका कोऱ्या वाटीत वीस ग्रॅम मीठ तोलून घेतलं. शेजारी साध्या पाण्याचं दुसरं भांडं, दोन चमचे.

“तापानंतर मी स्वतःवर हेच केलं होतं,” ते म्हणाले. “मुठीनं मीठ घातलं तरी कळलं नव्हतं. पावाचा हिशेब असा, की किलोभर पिठाला वीस ग्रॅम मीठ, पाणी धरून आणि भाजून झाल्यावर किलोभर पावात चौदा पडतं. पाव म्हणजे पाणी नव्हे, हे मलाही कळतं. पण माझ्याकडे दुसरं माप नाही. या लिटरभर पाण्यात चिमूट चिमूट मीठ घालत जाईन. चौदाच्या आत हिला कळलं, तर पहिला तुकडा हिचाच राहील आणि मी तो विषय परत ऐकणार नाही. चौदापर्यंत नाही कळलं, तर तू भाच्याला फोन कर.”

“आणि हिनं अंदाजानंच सांगितलं तर?” सासूबाई म्हणाल्या.

“मधे मधे साधं पाणी देईन. ही आपल्याकडे पाठ करून बसेल. ढवळणार दोन्ही भांडी, म्हणजे आवाजावरून कळायचं नाही. आणि आधी तुझ्यापासून सुरुवात.”

“माझ्यापासून कशाला? मला काय धाड भरलीय?”

“म्हणूनच. धड माणसाला किती लागतं ते कळायला हवं ना.”

सासूबाई बडबडत बसल्या, पण बसल्या. एक ग्रॅमला म्हणाल्या, “पाणी.” दोन ग्रॅमला तोंड वाकडं केलं. “खारट. हे काय विचारायचं झालं!” साधं पाणी दिलं, तर म्हणाल्या, “हे पाणी. मला फसवता होय!”

मग भांडं धुऊन, नवं पाणी मापून, वाटीत पुन्हा वीस ग्रॅम करून वहिनीला बसवलं. तिचं तोंड भिंतीकडे. भिंतीवर पिठाचे हात पुसल्याचे जुने पांढरे ठसे होते, त्यातले काही मोठ्या पंजाचे. ती त्याकडे बघत राहिली. मागून चमचा यायचा, ती चमचाभर पाणी तोंडात घोळवायची, सांगायची, बादलीत थुंकायची.

“पाणी.”

“पाणी.”

“पाणी.”

चमच्याचं धातूपण कळत होतं. पाणी माठातलं नसून नळाचं आहे, हेही कळत होतं, ते कोमट होतं म्हणून. जिभेवर ते पसरायचं, गालांना लागायचं, आणि तेवढंच. दोन ग्रॅम कधीच मागे पडले असणार, हे तिला ढवळण्याच्या खेपांवरून कळत होतं. एक ‘खारट’ म्हटलं की सुटका होती. साध्या पाण्याला म्हटलं गेलं, तर मात्र सगळंच संपत होतं. पण खरं सांगायचं तर तिनं खोटं बोलायचं टाळलं ते या भीतीनं नव्हे. किती गेलंय हे तिलाच बघायचं होतं. एवढ्या महिन्यांत तिला काही बघावंसं वाटलं, असं हे पहिलंच.

“पाणी,” ती म्हणाली.

मधेच सासूबाईंनी नवऱ्याच्या हातातला चमचा घेतला, त्या भांड्यातलं पाणी स्वतः चाखलं आणि त्यांना ठसका लागला. “अहो, हे तर तोंडात धरवत नाही,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “हिला हे पाणी लागतंय?” सासूबाईंनी सुनेच्या खांद्यावरचा पदर उगाच सारखा केला आणि हात तिथेच ठेवला.

“थांबायचं का गं?” त्यांनी विचारलं.

“नको. द्या.”

“पाणी,” वहिनी म्हणाली. पुढच्या चमच्याला ती थांबली. जिभेच्या कडेला, डाव्या बाजूला, कुठेतरी लांबून आल्यासारखं काहीतरी होतं. काय ते तिला सांगता येईना. “थांबा,” ती म्हणाली. “हे परत द्या.”

सासऱ्यांनी दिलं. तिनं डोळे मिटले.

“नक्की नाही.”

वाटीतून चिमूट पडली, दोन्ही भांडी ढवळली गेली. चमचा आला. तिनं तो घेतला आणि या वेळी थुंकायचं विसरून गिळला.

“खारट.”

“हे?”

“हे पाणी.”

“आणि हे?”

“खारट. मघाचंच आहे.”

“हे?”

“पाणी. हेही पाणी.” जरा थांबून, “हे खारट.”

एकही चुकलं नाही. सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. बाहेर फळीवर कुणीतरी नाणं वाजवत होतं, बहुतेक काका, संध्याकाळच्या खेपेसाठी. त्यांनी वाटी काट्यावर ठेवली आणि काटा स्थिर व्हायची वाट बघितली. वीसमधून उरलेलं मीठ नऊ ग्रॅम भरलं. एक लिटर पाण्यात अकरा ग्रॅम, चौदाला तीन कमी.